कुंडीतला आंबे बहार

पाणी तोडले की झाड फुलते, हे मराठवाड्यातल्या मोसंबीवाल्याला कुणी शिकवावे लागत नाही. थंडीत बागेला ताण द्यायचा, पाने पिवळी पडू द्यायची आणि मग पाणी सोडून आंबे बहार धरायचा, ही इथली रीत. लातूर जिल्ह्यातल्या देवणीसारख्या कर्नाटकच्या सीमेवरच्या गावात असाच बहार ओसरीवरच्या एका कुंडीतही धरता येतो. त्यासाठी अमॅरिलिस लिलीचा एक टणक कंद पुरतो, आणि तयारीला लागायचे ते दिवाळीत.

घरात कंद फुलवण्याचा छंद मूळचा थंड मुलखांतला. बाहेर बर्फ असताना खिडकीत फूल पाहायला मिळावे, म्हणून तिथे ट्युलिप, हायसिंथ, नार्सिसस यांचे कंद कुंडीत नाहीतर पाण्याच्या काचपात्रावर लावतात. चिनी नववर्षाला उथळ भांड्यात नुसत्या पाण्यावर नार्सिसस फुलवतात. इराणात २१ मार्चच्या सुमारास येणाऱ्या नवरोजच्या मांडणीत हायसिंथची कुंडी असते. आपला गुढीपाडवाही त्याच दिवसांच्या आसपासचा.

ट्युलिपची कळी उन्हाळ्यातच कंदाच्या पोटात तयार झालेली असते. तिचा देठ लांबायला मात्र ९ अंशांखालची थंडी १२ ते १६ आठवडे लागते. ती कमी पडली तर फूल पानांतच अडकून बसते. श्रीनगरला दल सरोवराजवळ २००७ साली खुली झालेली ट्युलिपची बाग बहरते ती तिथल्या हिवाळ्याच्या जोरावर. लातूर जिल्ह्यात डिसेंबरातही दुपारी ऊन चटका देते. इथे कंद फ्रिजमध्येच ठेवावे लागतात, आणि तेही सफरचंदांपासून लांब, कारण पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी जळते. इतका खटाटोप करण्यापेक्षा इथल्या हवेला मानवणारा कंद निवडलेला बरा.

अमॅरिलिस तसा आहे. शास्त्रज्ञ त्याला हिप्पिअ‍ॅस्ट्रम म्हणतात; मूळ दक्षिण अमेरिकेतले. १७९९ साली आर्थर जॉन्सन या इंग्रज घड्याळजीने दोन जातींचा संकर करून पांढऱ्या पट्ट्याचे लाल फूल मिळवले, आणि तिथून या फुलाच्या संकरित वाणांची परंपरा सुरू झाली. या कंदाला कडाक्याची थंडी लागत नाही. मुळे कोरडी पडली की तो विसावतो.

कंद जितका मोठा तितकी फुलांची खात्री जास्त. लिंबाएवढ्या कंदाकडून त्या वर्षी फुलाची अपेक्षा करू नये. कुंडी कंदापेक्षा दोन बोटे रुंद असली की झाले. देवणीची काळी, भारी माती एकटी वापरू नये. ती पाणी धरून ठेवते आणि कंद सडतो. तिच्यात वाळू आणि कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे. लावताना कंदाचा मानेकडचा भाग मातीच्या वर उघडाच ठेवावा.

ज्यांच्या घरी जुनी कुंडी आहे, त्यांनी दिवाळीनंतर पाणी तोडावे आणि ती सावलीत, कोरड्या जागी आठ-दहा आठवडे ठेवावी. पाने पिवळी पडली तर घाबरू नये. पाडवा कधी मार्चात येतो, कधी एप्रिलात. म्हणून फूल पाडव्याला हवे असेल, तर त्याच्या तारखेपासून सात-आठ आठवडे मागे मोजून पहिले पाणी द्यावे. एकदा माती पुरती भिजवावी, मग दांडा बोटभर वर येईपर्यंत हात आखडता घ्यावा. पुष्कळदा पाने येण्याआधीच दांडा निघतो आणि उजेडाकडे झुकतो, म्हणून कुंडी अधूनमधून फिरवावी. एका दांड्यावर बहुधा चार फुले येतात. कुंडी दुपारच्या उन्हातून आत घेतली, तर ती जास्त दिवस टिकतात.

पुढच्या वर्षीची फुले खरे तर यानंतरच ठरतात. फुले सुकली की दांडा कापावा. पानांना मात्र हात लावू नये. कंदात साधारण दर चार पानांमागे एक दांडा धरतो, त्यामुळे पावसाळाभर पाने जितकी जोमदार, तितका पुढचा बहार मोठा.

पाण्याची फारच ओढ असेल, तर फुटबॉल लिली लावावी. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा जिल्ह्यात ही लिली म्हणजे सोयीचीच. थंडीत तिची पाने वाळून जातात आणि कोपऱ्यातली कुंडी महिनोन् महिने कोरडी राहिली तरी चालते. वळवाच्या सरींच्या दिवसांत तिच्यातून लाल चेंडूसारखे फूल वर येते.

देवणीत एक काळजी सगळ्यांनी घ्यायला हवी. अमॅरिलिस, नार्सिसस, फुटबॉल लिली या सगळ्यांच्या कंदांत विषारी अल्कलॉइडे असतात. कांदा समजून ते स्वयंपाकघरात जाऊ नयेत, लहान मुलांच्या हाती लागू नयेत. वानेरा, बाळंक्या, शेवरा अशा देवणी गोवंशाची जनावरे जिथे दाराशी बांधलेली असतात, तिथे कापलेला दांडा आणि वाळकी पाने वैरणीत मिसळू न देता खड्ड्यात पुरून टाकावीत.