'ग्रॅटिस' म्हणजे फुकट, पण ग्रॅच्युइटी फुकटची नव्हे!

सिंदी (रेल्वे)त कोणी नोकरीतून निवृत्त झाला की शेजारीपाजारी विचारतात, "ग्रॅच्युइटी किती मिळाली?" शब्द सर्वांच्या तोंडी आहे. त्याचे मूळ घरातील मुलामुलींनाही कळावे, म्हणून आम्ही ते येथे देत आहोत.

इंग्रजीत 'ग्रॅटिस' हे क्रियाविशेषण आहे. अर्थ, पैसे न घेता, फुकट. हा शब्द लॅटिनमधला. 'ग्रातिया' म्हणजे मेहेरबानी, तसेच उपकाराची जाणीव. तिचे 'ग्रातिइस' हे रूप आखडून 'ग्रातिस' झाले. म्हणजे केवळ आभारावर! कामाचा पैसा नाही, धन्यवाद तेवढे. ग्रातियाच्या मागे स्तुती करणे या अर्थाचा एक फार जुना धातू आहे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतातील 'गिर्' आणि पालीतील 'गिरा', म्हणजे वाणी, हे शब्द त्याच कुळातले.

आपल्या समाजाच्या वाट्याला तर आभारही आले नाहीत. आली ती वेठ आणि बिगार. 'वेठ' हा शब्द संस्कृत 'विष्टि'वरून आला, 'बिगार' फारसीतून. गावकीच्या कामाबद्दल बलुते मिळे, तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. त्याऐवजी ठरलेला रोख मोबदला मिळावा म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायदा दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे संविधानाच्या कलम 23 ने वेठबिगारीला मनाई केली. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच होय, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली दिला.

आता ग्रॅच्युइटी. ही ग्रातियाचीच लेक. मूळ अर्थ बक्षिसी, मालकाच्या खुशीची. परंतु 1972 च्या कायद्याने तो अर्थ पालटला. सलग पाच वर्षे नोकरी झालेल्या कामगाराला, नोकरी सोडताना, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार देणे मालकावर बंधनकारक झाले. नव्या कायद्यातही हा हक्क कायम आहे.

म्हणून बंधू-भगिनींनो, नेमणुकीचा कागद आणि पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. हिशेब लेखी मागा. शब्द मेहेरबानीच्या घरचा असला, तरी पैसा आपल्या घामाचा आहे.