बातमीवरचा पहिला प्रबंध

१६९० साली राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात होते आणि दख्खनेत तळ ठोकून बसलेल्या औरंगजेबाच्या दरबारातले अखबार, म्हणजे बातमीपत्रं, हाताने लिहिले जात होते. 'दर्पण' हे पहिलं मराठी वृत्तपत्र निघायला अजून १४२ वर्षं होती. त्याच १६९० साली जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात टोबियास पॉयत्सर नावाच्या तरुणाने चक्क बातमीपत्रांवर लॅटिनमध्ये प्रबंध सादर केला. पत्रकारितेवरचा जगातला पहिला प्रबंध म्हणून आज तोच ओळखला जातो.

लाइपझिगच का? हे शहर व्यापारी जत्रांचं आणि छापखान्यांचं. १६५० मध्ये टिमोथेउस रिच या मुद्रकाने इथेच दैनिक सुरू केलं होतं. जगातल्या पहिल्या दैनिकाचा मान त्याला दिला जातो. म्हणजे पॉयत्सरच्या आधीची एक अख्खी पिढी रोजच्या बातमीची चटक लागलेल्या गावात वाढली होती.

प्रबंध छोटासाच, अवघ्या २९ परिच्छेदांचा. पण त्यातले प्रश्न पाहून थक्क व्हायला होतं. बातमीपत्रं निघतात तरी कशासाठी? लोकांच्या कुतूहलापोटी आणि छापणाऱ्या-विकणाऱ्यांच्या नफ्यासाठी, असं तो सरळ लिहितो. विश्वास कुणावर ठेवायचा? ऐकीव सांगणाऱ्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्याचं वजन जास्त. लिहिणाऱ्याच्या अंगी काय हवं? चांगल्या-वाईटाची पारख आणि सत्याची ओढ. नाहीतर पक्षाच्या प्रेमापोटी खोटं मिसळलं जातं. छापण्याजोगं काय, याचीही त्याने मांडणी केली आहे : पूर, वादळं, भूकंप यांसारखे निसर्गाचे चमत्कार, मग राज्यांच्या उलथापालथी आणि लढाया, शिवाय धर्माच्या आणि विद्येच्या जगातल्या घडामोडी. रोजच्या क्षुल्लक गोष्टी मात्र वगळायच्या. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं हे सहा 'क'कार पत्रकारितेच्या वर्गात आज पहिल्याच आठवड्यात घोकले जातात. तेही या प्रबंधात आहेत, प्राचीन वक्तृत्वशास्त्रातून आलेले.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती त्याची पद्धत. माध्यमशास्त्र नावाचा विषयच तेव्हा नव्हता. म्हणून त्याने इतिहासलेखनाच्या कसोट्या उचलल्या आणि घाईघाईत छापलेल्या कागदाला लावून पाहिल्या. इतिहासकाराला पडताळायला सवड असते, बातमीदाराला नसते. मग दोघांना एकच माप लावायचं का? आज खोट्या बातम्यांवर पीएच.डी. करणारी मुलगी समाजशास्त्रातून मुलाखतीचं तंत्र घेते, संगणकशास्त्रातून आकडेमोड घेते आणि नेमकं याच प्रश्नाशी येऊन ठेपते. वेग आणि खरेपणा यांचा हिशेब अजून मिटलेला नाही.

पॉयत्सरनंतर जर्मनीतल्या विद्यापीठात या विषयाला हक्काचं घर मिळायला सव्वादोनशे वर्षं लागली. तेही लाइपझिगमध्येच मिळालं. पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, १९१६ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ कार्ल ब्यूशर यांनी वृत्तपत्रविद्येची स्वतंत्र संस्था तिथे उभी केली. तरुणपणी ते स्वतः वृत्तपत्रात काम करून आले होते. युद्धकाळातल्या वृत्तपत्रांचं वागणं पाहून ते अस्वस्थ होते आणि पत्रकाराला विद्यापीठाचं शिक्षण मिळालंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तेव्हा त्यांचं वय होतं ६९.