एम-एटीच्या टाकीत कोणतं तेल, किती तेल?

कन्नड परिसरात कॅरिअरला दुधाचे कॅन अडकवलेली बजाज एम-एटी कित्येक वर्षं धावली आहे. वाळूजचा बजाजचा कारखाना 1985 साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी ही गाडी बाजारात आली. 74 सीसीचं साधं टू-स्ट्रोक इंजिन. नीट सांभाळलं तर आजही घराचं काम काढतं. चेतक, राजदूत, येझदी हौसेने जपणारेही आहेत. या गाड्यांचं नुकसान करतात त्या तेलाबद्दलच्या काही पक्क्या समजुती.

पहिली समजूत : तेल जास्त घातलं की इंजिन जास्त टिकतं. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबर आत जातं, बेअरिंग आणि पिस्टनला वंगण देतं आणि शेवटी जळतं. जे नीट जळत नाही, त्याचा कार्बन होतो. तो पिस्टनच्या माथ्यावर, रिंगच्या खाचांत आणि सगळ्यात जास्त एक्झॉस्ट पोर्ट व सायलेन्सरमध्ये बसतो. जळलेला वायू बाहेर पडायला वाट उरली नाही की पिकअप जातो आणि चढाला गाडी धापा टाकते. शिवाय तेल वाढलं तेवढं मिश्रणातलं पेट्रोल घटतं, त्यामुळे इंजिन उलट जास्त तापतं. चेतकला लिटरमागे 20 मिली, म्हणजे दोन टक्के तेल पुरतं. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत जे प्रमाण असेल तेच धरा.

मग जुन्या यंत्रांना जास्त तेल का लागायचं? अमेरिकेतल्या जॉन्सन आणि एव्हिनरूड या बोटीच्या जुन्या मोटारी पाहा. 1950च्या दशकात त्यांना 24 भाग पेट्रोलला एक भाग तेल लागे, त्याआधीच्या कित्येक मॉडेलना 16 ला एक. 1964पासून बहुतेक मॉडेलना 50 ला एक पुरू लागलं. जुन्या मोटारींत ब्रॉन्झचे साधे बुश होते, त्यांना तेलाचा जाड थर हवा असे. म्हणून त्या मोटारी जपणारे आजही जुनंच प्रमाण ठेवतात. तेल मात्र आजचं, राख न करणारं घालतात आणि कार्बन पूर्वीइतका साचत नाही. यंत्राची रचना प्रमाण ठरवते, आणि कार्बन किती होणार यात तेलाच्या जातीचा वाटा फार मोठा असतो. ही गोष्ट लक्षात आली की बाकीचे गैरसमज आपोआप गळतात.

उदाहरणार्थ, ट्रॅक्टरचं उरलेलं इंजिन ऑइल. ते इंजिनात फिरत राहण्यासाठी बनवलेलं असतं, जळण्यासाठी नव्हे. त्यातली कॅल्शियम आणि जस्ताची रसायनं जळल्यावर राख मागे ठेवतात. ती प्लगच्या टोकांत अडकली की ठिणगी मरते. बोटीचं टीसी-डब्ल्यू3 तेल महाग असतं म्हणून तेच उत्तम, हेही खरं नाही. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी आहे. आपली गाडी वाऱ्याने थंड होते आणि बरीच जास्त तापते. तिला डब्यावर जॅसो एफसी किंवा एफडी लिहिलेलं टू-टी तेल लागतं. एफसी धूर कमी करतं; एफडी त्याशिवाय तापलेल्या पिस्टनवर काजळी धरू देत नाही.

घाटाचा विषय कन्नडकरांनी जास्त मनावर घ्यावा. औट्रम घाटाने चाळीसगावकडे उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडतात, पेट्रोल वाचतं म्हणून. पण टू-स्ट्रोकला पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद, आणि चाकांच्या जोरावर इंजिन मात्र गरागरा फिरत असतं. पिस्टन जाम होण्याचं हे ठरलेलं कारण आहे. उतारावर अधूनमधून ॲक्सिलरेटर पिळत राहावा.

मिसळण्याची पद्धतही बघा. कॉक उघडा ठेवून टाकीत तेल ओतलं तर ते तळाशी बसतं. आधी नुसतं तेल कार्ब्युरेटरला जातं आणि पुढे पेट्रोल कोरडं पडतं. म्हणून मोजून घेतलेलं तेल थोड्या पेट्रोलमध्ये बाहेरच हलवून घ्यावं. गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावं. नाहीतर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेलं चिकट तेल जेट बुजवतं.

आणि कार्बन साचला म्हणजे बोअरचं काम निघालं, असं लगेच मानू नये. हेड उघडून, पिस्टन वर आणून, बोथट लाकडी पट्टीने तो खरवडता येतो. स्क्रू-ड्रायव्हर लावू नका, पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. कॉस्टिक सोडाही फक्त लोखंडी सायलेन्सरपुरताच, तोही हातमोजे घालून. हेड किंवा पिस्टन त्यात बुडवला तर धातूच खाल्ला जातो. सफाईनंतर जुनं गॅस्केट परत न लावता नवंच बसवावं.