मिगची चकाकी : लेखांक ११

डीकलचा कागद आज पाण्यात पडणार होता. तो आणखी आठवडाभर थांबेल, कारण मधल्या दिवसांत नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलं. ओझरच्या आकाशात त्यांनी लहानपणी मिग-२१ पाहिलेली. ते विचारतात, खरं विमान उन्हात लखलखायचं; मग चांगला महागातला चंदेरी रंग देऊनही माझं मॉडेल खेळण्यासारखंच का दिसतं?

हा प्रश्न मागे ठेवून मला पुढे जाववत नाही. मिगच्या मॉडेलमधली खरी परीक्षा इथेच आहे.

१९६३ साली मिग-२१ आपल्या हवाई दलात आलं आणि पुढे ओझरला, एचएएलच्या कारखान्यात, त्याची एफएल आवृत्ती तयार होऊ लागली. त्या काळातल्या मिगवर हिरवे-तपकिरी पट्टे नव्हते. ड्युरॅलुमिनचा पत्रा तसाच उघडा दिसायचा. १९७१च्या युद्धाच्या सुमारास त्यावर कॅमोफ्लाज चढला. कॅमोफ्लाजचं विमान रंगवायला त्या मानानं सोपं. बारीकसारीक चुका पट्ट्यांखाली झाकल्या जातात. आपण या लेखमालेसाठी मुद्दाम उघड्या पत्र्याचं एफएल निवडलंय.

आता खेळण्याचं कोडं. आपलं मॉडेल १/७२ प्रमाणातलं. मिगच्या पंखांचा खरा विस्तार ७.१५ मीटर, आपल्या टेबलावर तो जेमतेम ९९ मिलिमीटर. डब्यातला चंदेरी रंग म्हणजे वार्निशमध्ये मिसळलेले धातूचे चपटे कण. असा एक कण ०.०३ मिलिमीटरचा धरा. ७२नं गुणलं की तो दोन मिलिमीटरच्या वर जातो. खऱ्या विमानावर एवढाल्या टिकल्या कुणी चिकटवल्या असत्या तर ते कसं दिसलं असतं? डोळा हा गुणाकार नकळत करतो आणि ‘खेळणं’ असा निकाल देतो. म्हणून अल्क्लॅडसारखे, अतिशय बारीक कणांचे लॅकर वापरायचे.

पण नुसता रंग बदलून भागत नाही. उघडा पत्रा चमकतो तो आजूबाजूचा उजेड परत फेकून. पाठीवर आकाश उमटतं, पोटावर धावपट्टी. हे मॉडेलवर हवं असेल तर कण एका पातळीत, सपाट निजले पाहिजेत, आणि ते निजतात फक्त गुळगुळीत पृष्ठावर. त्यामुळे धातूचा रंग देण्याचं काम खरं तर एअरब्रश हातात घेण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं.

मिगचं धड डाव्या-उजव्या दोन भागांत येतं, म्हणजे पाठीवर आणि पोटावर लांबच लांब सांधा. पुटी भरा, वाळू द्या, मग वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा : आधी ६००, मग १०००, २०००. प्रायमरचा हात दिल्यावर टेबललॅम्प आडवा धरून बघा. डोळ्यानं सुटलेला ओरखडा बोटाच्या टोकाला लागतो, तेव्हा बोटही फिरवा. सगळं स्वच्छ झालं की चकचकीत काळा रंग द्या आणि पूर्ण वाळू द्या. वरचा धातूचा थर इतका पातळ असतो की खालचा काळा रंग त्याला खोली देतो. तोच पातळपणा खालचा प्रत्येक ओरखडाही दाखवतो.

मग एअरब्रश. दाब १२ ते १५ पीएसआय, हात सतत फिरता, थर अगदी विरळ. काळा रंग पुरता झाकायची घाई नको. चकाकी आली की तिथेच थांबा. जास्त रंग चढला की ती पुन्हा मंदावते.

इथवर आलात तरी एकसारखं चकचकीत विमान खोटंच वाटेल. खऱ्या पत्र्यांची जाडी वेगळी, मिश्रधातू वेगळे, कारखान्यात लाटले गेल्याची दिशा वेगळी. शेजारशेजारचे दोन पत्रे म्हणूनच वेगळे दिसतात. मास्किंग टेप आधी तळहातावर चिकटवून त्याची पकड कमी करा, मग चार-सहा पॅनेल वेगळी काढून लॅकरमध्ये गडद छटेचे दोन थेंब घाला. शेपटीकडे, इंजिनाच्या तोंडाजवळ, पत्रा तापून काळवंडतो; तिथे पोलादी छटा हवी. आणि नाकाचा शंकू व उभ्या शेपटीचं टोक यांना धातूचा रंग लावू नका. त्यांतून रेडिओलहरी आरपार जायच्या असतात, म्हणून ते भाग धातूचे नसतातच. तिथे हिरवा.

पुढच्या आठवड्यात डीकल नक्की. तोवर प्लॅस्टिकचे तीन चमचे घ्या : एक न घासलेला, एक ६००पर्यंत घासलेला, एक २०००पर्यंत. तिघांनाही तोच काळा, तोच लॅकर द्या आणि खिडकीशी नेऊन बघा. नाशिकच्या पत्राचं उत्तर त्या तीन चमच्यांत माझ्या लेखापेक्षा स्पष्ट दिसेल.