मेलीस की लॅपटॉप दे!

एक सांगा, शेवटचा हॉरर सिनेमा तुम्ही एकट्याने पाहिलात, की शेजारच्याचा दंड घट्ट धरून? बहुतेकांचं उत्तर मला माहीत आहे. मे महिन्यात गावी लाइट गेली की गच्चीवर भुतांच्या गोष्टी रंगायच्या, त्याही दहा-बारा भावंडांत. भीती ही आपल्याकडे वाटून घ्यायची गोष्ट आहे.

माझं हॉरर गेमिंगही तसंच सुरू झालं. बारावीची परीक्षा रद्द झाली, ते २०२१ चं वर्ष. निगडीच्या यमुनानगरात मावशीचं घर, मावसभावाचा म्हणजे दादाचा जुना लॅपटॉप आणि त्यावर ‘लिटल नाइटमेअर्स टू’. खेळ एकट्याचा, खेळणारे दोघं. म्हणून एकच नियम केला होता : मेलीस की लॅपटॉप दे. आतून मावशी ओरडायची, “किंचाळू नका रे, खालचे काका वर येतील!”

ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. डोक्यावर कागदी पिशवी घातलेला मोनो आणि त्याची सोबतीण सिक्स, ही दोन चिमुकली पोरं अवाढव्य माणसांच्या जगातून पळत असतात. शाळेत मान लांबवत कपाटांवरून डोकावणारी बाई, हॉस्पिटलात छताला लटकून फिरणारा डॉक्टर आणि टीव्हीला चिकटलेलं अख्खं शहर. संवाद नाहीत. उड्या मारायच्या, कोडी सोडवायची, लपायचं. स्वीडनमधल्या माल्मो शहरातल्या टार्सियर स्टुडिओजने तो बनवला आणि ११ फेब्रुवारी २०२१ ला तो बाजारात आला.

समीक्षकांनी त्याचं भरभरून कौतुक केलं. मेटाक्रिटिक ही साइट वेगवेगळ्या समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढते. तिथे हा गेम ऐंशीच्या वर गेला. वातावरण, आवाज, न बोलता सांगितलेली गोष्ट, सगळ्याला शाबासकी. तक्रारीही होत्या : हातात हत्यार घेऊन केलेल्या मारामाऱ्या बोजड आहेत, उडी मारताना खोलीचा अंदाज चुकतो आणि एकाच जागी परत परत मरावं लागतं.

तक्रारी खऱ्याच होत्या. शाळेतल्या त्या पोरांच्या मारामारीत आम्ही किती वेळा मेलो याचा हिशोबच नाही. पण आमचा नियम आठवा. प्रत्येक मरणाला लॅपटॉप या मांडीवरून त्या मांडीवर जायचा. समीक्षकांना जो दोष वाटला, त्याच्यामुळे आमच्या पाळ्या ठरत होत्या! दोष खोटा नव्हता. फक्त आम्ही गेम वेगळ्या पद्धतीने खेळत होतो.

त्या गेममध्ये एक बटण दाबून तुम्ही सिक्सचा हात धरता. पुढे ती सवयच होते. शेवट सांगत नाही, पण तो शेवट त्या हाताबद्दलच आहे. तो पाहून दादा पाच मिनिटं बोलला नव्हता. गेमला किती गुण द्यायचे, असं आम्हाला कुणी तेव्हा विचारलं असतं, तर आकडा सुचलाच नसता.

आता तिसऱ्या भागाकडे येऊ. दुसरा भाग बाजारात येण्याआधीच टार्सियर स्टुडिओ दुसऱ्या कंपनीने विकत घेतला होता. गेमचे हक्क मात्र प्रकाशक बंदाई नामकोकडेच राहिले. त्यामुळे तिसरा भाग ‘अंटिल डॉन’वाल्या ब्रिटिश सुपरमॅसिव्ह गेम्सकडे गेला आणि १० ऑक्टोबर २०२५ ला आला. या वेळी लो आणि अलोन अशी दोन पोरं. एकाकडे धनुष्यबाण, दुसरीकडे पाना. मालिकेत पहिल्यांदाच दोन खेळाडू एकत्र खेळू शकतात. आपल्यासाठीच बनवलाय की!

पण समीक्षा थंड निघाल्या. गुणांची सरासरी दुसऱ्या भागाच्या स्पष्टपणे खाली. दिसायला देखणा, पण जुन्याची जपून काढलेली नक्कल, असा सूर. कोडी सोपी, गेम आटोपशीर, आणि सोबत कायम कुणी असल्यामुळे भीती पातळ झाली, असंही अनेकांनी लिहिलं. सगळ्यात मोठी नाराजी वेगळीच होती : दोघं खेळू शकतात, पण फक्त ऑनलाइन. एका स्क्रीनसमोर मांडीला मांडी लावून नाही. वातावरण टिकून राहावं म्हणून असं केलं, हे प्रकाशकांचं स्पष्टीकरण. एकाने विकत घेतला तर मित्राला फ्रेंड्स पासवर फुकटात सोबत खेळता येतं, ही मात्र चांगली सोय.

आता ही सोय आमच्या घरात आणून बघा. दादा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चाकणला ट्रेनी म्हणून लागलाय. रूम तिकडेच. त्याची सुट्टी गुरुवारी, माझी रविवारी. सेकंड शिफ्ट असली की तो मध्यरात्रीनंतर रूमवर पोहोचतो. गेम चालेल असा लॅपटॉप दोघांत मिळून एकच. म्हणजे फ्रेंड आहे, पास आहे, पण दुसरं मशिन नाही. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही कॉट बेसिसच्या खोलीत डोकावा, हीच गोष्ट दिसेल.

शेवटी एका गुरुवारी मी लेक्चर बुडवलं. पुणे-नाशिक हायवेचा ट्रॅफिक झेलत तो मावशीकडे आला. दोघांसाठी बनवलेला गेम आम्ही एकट्याचा म्हणून सुरू केला. दुसरं पोर कॉम्प्युटर चालवत होता. आणि नियम जुनाच.

खरं सांगू? समीक्षक बरोबर होते. पहिल्या तासात मी फारशी दचकलेच नाही. मरणंही कमी, त्यामुळे लॅपटॉप हलेना. मग आली कँडी फॅक्टरी. प्रचंड यंत्रं, आवाज, फिरती अवाढव्य सुपरवायझर आणि खाली हातात पाना घेतलेली एवढीशी पोर. मी हसून म्हटलं, “दादा, बघ तुझी कंपनी!” तोही हसला. “सेफ्टी शूज नाहीत कुणाला,” म्हणाला. मग थोडा वेळ गप्प बसला आणि हळूच म्हणाला, “पहिल्या दिवशी शॉप फ्लोअरवर गेलो ना, तेव्हा मी एवढाच वाटत होतो स्वतःला.”

हे त्याने घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. तो ऑनलाइन, कानाला हेडफोन लावून चाकणच्या रूमवर असता, तर मलाही सांगितलं असतं का? मला नाही वाटत. म्हणून माझ्या मते तिसऱ्या भागाची खरी चूक सोपी कोडी ही नाही. शेजारी बसलेल्या माणसाला त्यात जागा ठेवली नाही, ही आहे. गंमत बघा, टार्सियरच्याच ‘रीॲनिमल’ या नव्या हॉरर गेममध्ये एका स्क्रीनवर दोघांना खेळता येतं.

तेव्हा सेल लागला आणि घ्यायचा की नाही ते ठरवायचं असेल, तर नुसता आकडा बघून ठरवू नका. समीक्षेतली तक्रार वाचा आणि स्वतःला विचारा, ही माझी तक्रार असेल का? तुमच्याकडे दोन मशिन आणि बरं नेट असेल, तर तुमचा गेम आमच्यापेक्षा वेगळा असेल. स्टीमवर घेतलात, तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. तेवढ्या वेळात अंदाज येतो.

आमचा गेम अजून अर्धाच झालाय. त्या फॅक्टरीत पुढे एकदाची मी मेले. नियमाप्रमाणे लॅपटॉप पुढे केला, तर दादा बसल्या जागी झोपलेला. आदल्या रात्री सेकंड शिफ्ट होती. त्याची पाळी मी राखून ठेवलीय. बघू, पुढच्या गुरुवारी.