कर्सर हलला, काळजात धडधडलं!

सकाळचे ७ वाजून ५९ मिनिटं. लॅपटॉपवर आयआरसीटीसी लॉगिन, फोनवर भावाचा व्हिडिओ कॉल, व्हॉट्सॲपवर काकांचा मेसेज: ‘मांडवी बघ, नाहीतर कोकणकन्या!’ ठोका ८ चा. क्लिक. कॅप्चा. गोल गोल फिरणारं चक्र... आणि वेटिंग लिस्ट!

गणपतीला ठाणे-डोंबिवलीहून खेड स्टेशनावर उतरणाऱ्या चाकरमान्यांनो, हा थ्रिलर तुम्ही ६० दिवस आधीच जगलेला असता. माहीत आहे का? पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत सगळं असंच स्क्रीनवर घडवणाऱ्या सिनेमांचा चक्क वेगळा प्रकार आहे. नाव ‘स्क्रीनलाइफ’. त्याचा सगळ्यात मोठा प्रचारक म्हणजे दिग्दर्शक-निर्माता तिमूर बेकमाम्बेतोव.

त्याने निर्मिती केलेल्या ‘अनफ्रेंडेड’मध्ये मित्रांच्या व्हिडिओ कॉलमध्ये एक भूत घुसतं. शूटिंग कुठे? एकाच घरात! प्रत्येक कलाकार वेगळ्या खोलीत, आपापल्या लॅपटॉपसमोर. बजेट सुमारे १० लाख डॉलर, कमाई ६ कोटी डॉलरच्या वर. भूत पावलं म्हणायचं!

पण या खेळातला खरा हिरो आहे २०१८चा ‘सर्चिंग’. मुलगी बेपत्ता होते आणि बाप तिच्याच लॅपटॉपमध्ये तिला शोधतो. दिग्दर्शक अनीश चागंटी हा आपल्या देशी मुळांचा, आधी गूगलमध्ये काम केलेला तरुण. माहीत आहे का? कलाकारांसोबतचं शूटिंग अवघ्या १३ दिवसांत उरकलं, एडिटिंग मात्र दीड-दोन वर्षं चाललं! कारण पडद्यावर दिसणारी प्रत्येक विंडो, प्रत्येक आयकॉन टीमने नव्याने बनवला. त्याहून भारी गोष्ट: शूटिंगच्या आधीच अख्ख्या सिनेमाचा कच्चा व्हिडिओ तयार होता, आणि त्यात सगळे रोल स्वतः अनीशनेच केले होते. बापही तोच, मुलगीही तोच!

आणि एलियन? हो, एलियन! ‘सर्चिंग’मधल्या बातम्यांच्या पट्ट्या आणि कोपऱ्यातल्या हेडलाइन्स पॉज करून वाचा. परग्रहवासी पृथ्वीवर येत असल्याची एक अख्खी उपकथा तिथे लपलेली आहे. बाप मुलीला शोधतोय, तुम्ही एलियन शोधा.

मला मात्र या सिनेमात सगळ्यात जास्त आवडतो तो कर्सर. बाप मुलीला मेसेज लिहितो. तिच्या वारलेल्या आईबद्दलचे शब्द टाइप करतो. कर्सर लुकलुकतो, थांबतो... आणि बाप ते शब्द खोडतो. डायलॉग नाही, चेहराही नाही, तरी घशात आवंढा! साध्या सिनेमात माणूस काय बोलला ते कळतं. इथे तो काय बोलणार होता तेही कळतं. एवढी जवळीक भल्या भल्या क्लोजअपलाही साधत नाही.

आता मराठी! २०२०च्या लॉकडाऊनमध्ये नाट्यगृहांना कुलूप लागलं, तेव्हा हृषिकेश जोशी यांनी ‘मोगरा’ हे ‘नेटक’, म्हणजे नेटवरचं नाटक, आणलं. लेखन तेजस रानडे यांचं. वंदना गुप्ते, स्पृहा जोशी आणि इतर अभिनेत्री आपापल्या घरात, प्रेक्षक आपापल्या घरात, आणि प्रयोग लाइव्ह! तिसरी घंटा थेट इंटरनेटवर. त्याच साली सोनी मराठीवर घराघरांतून शूट झालेली मालिका आली, ‘आठशे खिडक्या नऊशे दारं’. विंडोजच विंडोज!

केरळही मागे नव्हतं. महेश नारायणन यांचा ‘सी यू सून’ फोनवर शूट झाला आणि १ सप्टेंबर २०२०ला ओटीटीवर झळकला. हिंदीत विक्रमादित्य मोटवानेंचा ‘कंट्रोल’ आला २०२४मध्ये, अनन्या पांडे आणि एका एआय असिस्टंटला घेऊन. अभिनेता फहाद फासिलचा चेहरा फोनच्या चौकटीत काय कमाल करतो ते पाहायचं असेल, तर सुरुवात ‘सी यू सून’पासूनच करा.

बरं, या सिनेमांना कच्चा माल कुठून मिळतो? आपल्याच डिजिटल पाऊलखुणांतून! माहीत आहे का? देशातलं पहिलं आधार कार्ड दिल्ली-मुंबईत नाही, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० रोजी. वेबसाइट आपल्याला लक्षात ठेवते ती ‘कुकी’ त्याहून जुनी, १९९४ची. लू माँटुली या इंजिनिअरने नेटस्केपमध्ये बनवलेली. खायची नाही, पण आपला माग काढत मागे येणारी!

२००६मध्ये एओएल कंपनीने ६.५ लाखांहून जास्त लोकांचे सुमारे २ कोटी सर्च संशोधकांसाठी खुले केले. नावं काढून, फक्त नंबर ठेवून. तरीही ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पत्रकारांनी निव्वळ सर्च वाचून एका ६२ वर्षांच्या बाईंचं घर शोधून काढलं! ‘सर्चिंग’च्या १२ वर्षं आधी घडलेला खराखुरा ‘सर्चिंग’.

इन्कॉग्निटो मोड? तो हिस्टरी फक्त तुमच्या फोनमधून लपवतो. तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते इंटरनेट पुरवणाऱ्याला दिसू शकतं, बरं का!

आणि फोटो तर पक्के चुगलखोर. २०१२मध्ये पोलिसांना हवा असलेला अँटिव्हायरसवाला जॉन मॅकॅफी लपून बसला होता. एका मासिकाने त्याच्यासोबतचा फोटो वेबसाइटवर टाकला, फोटोच्या फाइलमध्ये जीपीएस तसंच राहिलं, आणि पत्ता निघाला ग्वाटेमालाचा! तेव्हा रसाळगडावरचा सेल्फी व्हॉट्सॲपवर टाकताना एक बघा. साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गाळली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला आणि कॅमेऱ्याचं लोकेशन ऑन असलं, तर गडाचे अक्षांश-रेखांश फोटोसोबतच रवाना होऊ शकतात!