मूळव्याधीची शस्त्रक्रिया : मलमाने वेदना किती शमते?

मूळव्याधीच्या रुग्णाला अनेकदा शस्त्रक्रियेपेक्षा तिच्यानंतरच्या पहिल्या शौचाची धास्ती अधिक असते. या भीतीपोटी काही जण शौच रोखून धरतात, जेवणही कमी करतात. परिणामी मळ कडक होतो आणि वेदना वाढते. हे दुष्टचक्र तोडण्यास मलमांचे साह्य होते. मात्र कोणते मलम काय करते, हे ठाऊक असायला हवे.

या वेदनेची मुख्य कारणे दोन. गुदद्वारालगतच्या त्वचेत संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचे दाट जाळे असते, त्यामुळे तेथील जखम झोंबते. शिवाय गुदद्वाराचा आतील स्नायू आवळला जाऊन कळा येतात.

लिग्नोकेनची २ टक्क्यांची जेली किंवा ५ टक्क्यांचे मलम त्वचा बधिर करते. काही मिनिटांत गुण येतो, पण तो अल्पकाळच टिकतो. त्यामुळे ते केव्हा लावायचे, हे शल्यचिकित्सकांकडून आधीच समजून घ्यावे. आवळलेल्या स्नायूवर मात्र त्याचा फारसा प्रभाव पडत नाही. तो सैल करण्यासाठी डिल्टियाझेम किंवा ग्लिसरील ट्रायनायट्रेटचे मलम दिले जाते. यांपैकी दुसऱ्याने डोके दुखू शकते. सिल्डेनाफिल घेणाऱ्यांनी तर ते वापरूच नये. रक्तदाब धोकादायक रीतीने घसरू शकतो.

अधिक मलम म्हणजे अधिक आराम, हा समज घातक आहे. ओल्या जखमेतून औषध रक्तात शोषले जाते. लिग्नोकेन लावल्यावर तोंडाभोवती बधिरपणा, कानात गुंजारव किंवा चक्कर जाणवल्यास ते थांबवून त्वरित डॉक्टरांना कळवावे. घरातील जुनी ट्यूबही परस्पर वापरू नये. मूळव्याधीच्या काही मलमांत स्टिरॉइड असते व त्याने जखम भरण्यास विलंब होऊ शकतो.

केवळ मलमावर भिस्त ठेवूनही भागत नाही. वेदनाशामक गोळ्या ठरल्या वेळी घेणे, कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसणे, भरपूर पाणी पिणे आणि सल्ल्यानुसार इसबगोल किंवा मळ मऊ करणारे औषध घेणे, हे तितकेच महत्त्वाचे. ट्रामाडोलसारख्या तीव्र वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होते, हेही ध्यानात ठेवावे.

शौचाच्या वेळी थोडे रक्त दिसणे अपेक्षित असते. परंतु रक्तस्राव थांबत नसेल, ताप आला, लघवी अडली किंवा वेदना उतरण्याऐवजी वाढत गेली, तर मलम लावत बसू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.